बदलापूरला घर घ्यायचं का? आधी परळची पाळी बघा

प्रश्न थोडक्यात असा: "भांडुपला वन बीएचकेत भाड्याने राहतो, भाडं २२ हजार. घरात मी, मिसेस, आई आणि तिसरीतला मुलगा. माझी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. मिसेस परळला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. बदलापूर पश्चिमेला ४६ लाखांत टू बीएचके मिळतोय, काम चालू आहे, ताबा दोन वर्षांनी. बिल्डर म्हणतो स्टेशन दहा मिनिटांवर. जमवलेले १४ लाख आहेत. आत्ता नाही घेतलं तर पुन्हा कधी जमणार नाही, असं सगळे म्हणतात. घ्यावं का?"

मी २६ वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. कल्याणपासून इकडे कर्जतपर्यंत आणि तिकडे कसाऱ्यापर्यंत किती इमारतींच्या साइट व्हिजिट केल्या, त्याचा हिशोब आता राहिलेला नाही. शिवाय २००३ पासून मी बदलापूर पूर्वेला राहते आणि तिथून १७ वर्षं फोर्टपर्यंत लोकलने गेले-आले. त्यामुळे हे उत्तर अर्धं टेबलाच्या पलीकडचं आणि अर्धं डब्यातलं आहे.

माझं मत आधीच सांगते. हा फ्लॅट आत्ता बुक करू नका. बदलापूरला यायला माझी ना नाही, उलट इथे राहून मी सुखी आहे. पण तुम्ही ज्या क्रमाने विचार करताय तो क्रम उलटा आहे. तुमच्या प्रश्नात किंमत आहे, ताबा आहे, साठलेले पैसे आहेत. पत्नीबद्दल एकच ओळ आहे. घरातला सगळ्यात लांबचा प्रवास मात्र त्यांचा होणार आहे. तुम्ही ठाण्याला उतराल, त्या त्याच्याही पुढे दादरपर्यंत उभ्या असतील.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. फ्लॅट बघायला रविवारी सगळं घर येतं. सॅम्पल फ्लॅट बघून होतो, चहा होतो, बाल्कनीतून डोंगर दिसतो. कर्जाच्या कागदांवर सह्या करायला नवरा-बायको दोघं येतात. त्यात जिला सोमवारपासून पहाटेची गाडी पकडायची असते, ती बहुतेक वेळा गप्प असते. पुढे दोन-तीन वर्षांत तीच नोकरी सोडते. हप्ता दोन पगारांवर बेतलेला असतो आणि तो एका पगारावर येतो. माझ्याकडे हप्ते थकलेली जी कुटुंबं यायची, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ दुखणं व्याजदर हे नव्हतंच. घरातल्या एकाला प्रवास झेपला नव्हता.

म्हणून त्यांचा दिवस मांडून बघू. आज त्या भांडुपहून स्लो लोकल पकडून थेट परळला उतरतात. दारापासून दारापर्यंत धरा ५० मिनिटं. बदलापूरहून काय होईल? तुम्ही सांगितलेलं लोकेशन माझ्या अंदाजाने स्टेशनपासून साडेतीन किलोमीटर आहे. बिल्डरची दहा मिनिटं रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्यावरची असतात. सकाळी खाली उतरून शेअर रिक्षा मिळून स्टेशनच्या पुलापर्यंत २५ मिनिटं धरा. गाडीसाठी पाच-दहा मिनिटं हातात ठेवावीच लागतात. फास्टने दादरपर्यंत सव्वा तास, तोही गाडी वेळेवर असेल तर. दादरला उतरून गर्दीतून परळपर्यंत वीसेक मिनिटं. झाले दोन तास. म्हणजे एका बाजूला सव्वा तासाच्या जवळपास जास्त. अगदी हात राखून एक तास दहा मिनिटंच धरली, तरी दिवसाला दोन तास वीस मिनिटं आणि २५ दिवसांचे ५८ तास. आठ तासांच्या सात ड्यूट्या त्या फुकट करणार.

हॉस्पिटलची लॅब म्हणजे पाळ्या आल्या. सकाळी सातची पाळी असेल तर घरातून पावणेपाचला निघावं लागेल आणि डबा त्याआधी भरावा लागेल. दुपारपाळी रात्री नऊला सुटली तर घरी यायला सव्वाअकरा. त्या वेळी शेअर रिक्षा चौथ्या सीटची वाट बघत उभी राहते आणि पाऊस असेल तर तीही नसते. बिल्डरच्या माहितीपत्रकात क्लब हाउस असतं. रात्री अकराला स्टेशनबाहेर काय मिळतं, ते त्यात कुठेच नसतं.

अजून एक गोष्ट, जी बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कल्याणपर्यंत रूळ भरपूर आहेत. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे मात्र आजच्या घडीला येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोनच. त्याच दोन रुळांवरून आमच्या लोकल, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या धावतात. अंबरनाथला एखाद्या मालगाडीचं इंजिन बंद पडलं, तर मागचं सगळं जागच्या जागी थांबतं. तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, काम चालू आहे, पण तुम्हाला प्रवास आजच्या रुळांवर करायचाय. गाड्यांमध्येही फरक आहे. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी बदलापूरला भरूनच येते. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळण्याची आशा असते, म्हणून इथले लोक कर्जतची गाडी सोडतात आणि बदलापूर लोकलसाठी पंधरा मिनिटं आधी येऊन फलाटावर आपल्या डब्याच्या खुणेशी उभे राहतात. ती पंधरा मिनिटंही प्रवासातच धरायची.

यावर तुम्हाला लगेच सांगितलं जाईल की पुढे सगळं सुधारणार आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होणार, मेट्रो येणार, विमानतळ जवळ आला. होईलही, मला तसं मनापासून हवं आहे. पण तारखा बघा. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज आठवी-नववीपर्यंत पोचली आहेत आणि कल्याणकर अजून लोकलनेच जातोय. तुमचा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या शाळेची सात वर्षं तुम्हाला आज जे धावतंय त्यावरच काढायची आहेत. जे नकाशावर आहे त्याचे पैसे बिल्डर आजच्या दरात लावतो. ते देऊ नका.

आता नदी. पश्चिमेला घर म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न उल्हास नदीचा असतो. २६ जुलै २००५ ला पाणी आलं, २०१९ मध्ये आलं, २०२१ मध्येही आलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ते पाणी याच नदीचं. पश्चिमेचा सगळा भाग बुडतो असं अजिबात नाही. मांजर्ली, हेंद्रेपाड्याकडचे काही भाग सखल आहेत आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे चढावर कोरडं असतं. म्हणूनच प्लॉटप्लॉटनुसार बघावं लागतं. नगरपालिकेच्या नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषा (नदीचं पाणी कुठवर चढू शकतं त्याच्या रेघा) दाखवलेला नकाशा मागा आणि त्यावर तुमचा सर्व्हे नंबर शोधा.

आणि पायी फिरा. मी व्हॅल्युएशनला जायचे तेव्हा इमारतीआधी शेजारची जुनी घरं बघायचे. कंपाउंडच्या भिंतीवर मातकट रेघ कुठपर्यंत आहे? तळमजल्याच्या पॅसेजमधली मीटरपेटी कंबरेच्या उंचीवर आहे की खांद्याच्या वर उचलून नव्याने बसवली आहे? एका इमारतीत मला नवाकोरा रंग दिसला होता, भिंती चकचकीत. पण मीटर माझ्या डोक्याच्या वर होते आणि जुन्या मीटरच्या जागी प्लास्टर केलेला चौकोन तसाच दिसत होता. समोरच्या किराणावाल्याला विचारलं. त्याने काउंटरच्या फळीवर हात ठेवून दाखवलं, इथपर्यंत आलं होतं म्हणाला. त्या कर्जाच्या फाइलवर मी तसा शेरा लिहिला.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. शेजारच्या, चार-पाच वर्षं वस्ती असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि मार्च ते मे या महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला ते विचारा. लोक सांगतात, लपवत नाहीत.

पैशांकडे वळू. ४६ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, कारण ३० लाखांच्या पुढच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच तेवढी आहे. म्हणजे ३६.८० लाख कर्ज, पदरचे ९.२० लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के, धरा ३ लाख, आणि नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही बँक घराच्या किमतीत धरत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे २.३० लाख. सोसायटी स्थापना, मीटर, वकील, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स अशा नावांनी बिल्डर दीड-दोन लाख मागतो. बेरीज साडेसोळा लाखांच्या घरात जाते. तुमच्याकडे १४ आहेत. पंखे, ओटा, ग्रिल, कपाटं अजून धरलीच नाहीत.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ, ६० चौरस मीटरपर्यंत असेल आणि एकूण किंमत ४५ लाखांच्या आत असेल, तर ते परवडणाऱ्या घरात धरलं जातं आणि जीएसटी फक्त १ टक्का लागतो. तुमचा फ्लॅट ४६ लाखांचा आहे, म्हणजे वरच्या एका लाखामुळे तुम्ही जवळपास १.८५ लाख जास्त कर भरणार. पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) हे सगळं या ४५ लाखांत मोजलं जातं, तेव्हा भाव तोंडी न ठरवता सगळे आकडे एका कागदावर घेऊन मगच बोलणी करा. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेल्या तयार घरावर तर जीएसटी नाहीच.

हप्ता बघा. ३६.८० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना सुमारे ३१,९०० रुपये. पण खरी ओढाताण त्याआधीची आहे. ताबा मिळेपर्यंत भांडुपचं २२ हजार भाडं चालूच राहणार आणि बिल्डरला जसजसे पैसे सुटतील तसतसं त्यावरचं व्याजही सुरू होणार. शेवटी शेवटी ते व्याज महिना २५ हजारांपर्यंत जातं. ताबा दोन वर्षांचे तीन वर्षांवर गेला, तर तेवढा काळ दोन्ही बोजे. आयकरात सूट मिळते म्हणून कोणी समजूत घालत असेल तर स्वतः कुठल्या करप्रणालीत आहात ते बघा. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

आणि आता याच्या शेजारी हा आकडा ठेवा. असाच टू बीएचके बदलापुरात आज दहा-अकरा हजारांत भाड्याने मिळतो. "भाडं म्हणजे पाण्यात पैसे" हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. या ठिकाणी, या दोन आकड्यांमध्ये मी ते मानत नाही. भाडं आणि हप्ता यांत वीस हजारांचं अंतर आहे. ते अंतर शिल्लक टाकत इथे दोन वर्षं राहिलात, तर साधारण पाच लाख हाताशी येतील आणि गाव कळेल ते वेगळं.

दर वाढून घर हातचं जाईल अशी भीती घालतात. थोडा वाढेल. पण त्याच रस्त्यावर किती नवे टॉवर उभे राहताहेत ते मोजा, ते सगळे तुमच्याच गिऱ्हाइकाला फ्लॅट विकायला बसले आहेत. खरा दर बघायचा असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या सर्व्हे नंबरचे इंडेक्स टू काढा. कोणता फ्लॅट कितीला नोंदला गेला ते तिथे दिसतं. बोलणीच्या टेबलावर त्या दोन-तीन प्रिंट ठेवल्या की भाव खाली येतो, हे मी लोकांच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे.

कागदपत्रांचं लिहिते, कारण त्यात झालेली चूक निस्तरता येत नाही. महारेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची सरकारी रेरा प्राधिकरणाकडची नोंदणी, आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यांत राहणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच होती, कर्ज काढून आलेली. तेव्हा बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घ्या आणि तिचा जावक क्रमांक नगरपालिकेत स्वतः जाऊन ताडून बघा, अर्धा दिवस जाईल तो जाऊ द्या. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, कुळाची किंवा आदिवासी जमीन असल्याची नोंद असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. इकडच्या पट्ट्यात, विशेषतः कर्जत, शहापूर, मुरबाडकडे, अशा जमिनी पुष्कळ आहेत. सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल, ३० वर्षांचा आणि तुमच्या वकिलाचा हवा, बिल्डरच्या नव्हे. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणं रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार बेकायदा आहे. तुम्ही टोकन दिलं असेल तर ती पावती मला आधी दाखवा.

आईंसाठी बदलापूरात साधे डॉक्टर, दवाखाने आहेत. हृदयाचं, मेंदूचं काही निघालं तर कल्याण-ठाणं गाठावं लागतं. शाळा चांगल्या आहेत, त्याची काळजी करू नका.

आता इथे राहण्याची दुसरी बाजू, जी कुठल्याच हिशोबात बसत नाही. २६ जुलै २००५ ला मी फोर्टात अडकले. मुलगी सहा वर्षांची, तिचे बाबा फिरतीवर, फोन बंद. दोन रात्री बँकेत टेबलावर झोपून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले, शेवटचा टप्पा चालत. दार उघडं होतं. शेजारच्या काकूंनी मुलीला जेवू-खाऊ घालून, वेणी घालून, माझ्याच घरात तिच्यापाशी झोपून दोन रात्री काढल्या होत्या. वरणभाताचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. असा शेजार मला या गावाने दिला. चंदेरीच्या डोंगरावर पाऊस उतरताना गॅलरीतून दिसतो, मुलांना खेळायला जागा आहे. म्हणूनच मी तुम्हाला येऊ नका म्हणत नाही. पण माझं घर स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर होतं आणि माझी नोकरी दहा ते सहाची होती. हे दोन्ही नसतं तर १७ वर्षं मी टिकले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर करा असं. बदलापुरात कोणी नातेवाईक, मैत्रीण असेलच. त्यांच्याकडे तुमच्या पत्नींनी एक आठवडा सकाळपाळी आणि एक आठवडा दुपारपाळी करून बघावी. शक्यतो जुलैमध्ये. तुम्हीही सोबत राहा आणि त्या दोन आठवड्यांत मुलाचा अभ्यास, आईंची औषधं, रात्रीचं जेवण कोण बघतं ते लिहून ठेवा. जमलं, तर पुढच्या शाळेच्या वर्षापासून अकरा महिन्यांच्या करारावर इथे भाड्याने या. हॉस्पिटलकडे कायम एकाच पाळीसाठी किंवा ठाणे-कल्याणकडच्या एखाद्या लॅबसाठी प्रयत्न करायला त्यांना तेवढा वेळही मिळेल. ठाण्याला काम मिळालं तर सगळंच गणित बदलतं, मग मीच तुम्हाला घर शोधून देईन.

आणि घ्यायची वेळ आली की साडेतीन किलोमीटरवरचा नवा टू बीएचके बघू नका. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, ओसी आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेली, आठ-दहा वर्षं जुनी, लिफ्ट असलेली इमारत शोधा. खोली एक कमी मिळाली तरी चालेल. जीएसटी नाही, ताब्याची वाट नाही, पाणी किती येतं ते शेजारी सांगतात. आणि रात्री सव्वाअकराला तुमच्या पत्नी गाडीतून उतरल्या की रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, चालत घरी येतात.